बोळाकडची खोली

आमच्या स्वयंपाकघरातून आमच्याच तिसऱ्या खोलीत जायचं तर पायात चपला घालाव्या लागत. हे कुणाला सांगितलं की लोक हसत, आणि त्यांनी हसावं असंच ते होतं. स्वयंपाकघरातून बैठकीत यायचं, बैठकीतून ओट्यावर, ओट्याच्या तीन पायऱ्या उतरून गल्लीत, गल्लीतून शेजाऱ्याच्या गोठ्याला वळसा घालून मागच्या बोळात, आणि बोळातल्या नालीवरची फरशी ओलांडली की मग आमची ती खोली. स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती. खोलीत कुणी खोकलं तर चुलीजवळ ऐकू येई. पण चिमूटभर मीठ द्यायचं म्हटलं की निम्म्या गल्लीला दर्शन देऊन जावं लागे.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. बांधणाऱ्याला निदान आपल्या अकलेनं चुकल्याचं समाधान तरी असतं. जुनं घर घेणारा दुसऱ्याच्या चुका रजिस्ट्री करून आपल्या नावावर चढवून घेतो. मी तेच केलं होतं, आणि वर पेढे वाटले होते.

तेव्हा मी जाफराबादला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. जालना जिल्हा अजून व्हायचा होता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्याच्या पार कोपऱ्यात, कुणाला आठवलो तर आठवलो. चार वर्षांत मी भाड्याच्या तीन खोल्या बदलल्या होत्या. खोली दाखवणारा आधी पगार विचारी, मग गाव, मग सावकाश आडनाव. आडनाव कळलं की ती खोली नेमकी त्याच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली निघे. ज्यांनी दिल्या, त्यांनीही अटी घालून दिल्या. शेवटच्या घरमालकाची अट होती की म्हातारं माणूस आणायचं नाही, दुखणीबाणी निघतात.

आणि मला तर म्हातारं माणूसच आणायचं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, केदारखेड्याच्या अंगाला आमचं गाव होतं तिथे एकटे राहत होते. बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी आई गेली. आबा गवंडी. तालुक्यातल्या कितीतरी घरांना, विहिरींना त्यांचा हात लागलेला, पण स्वतःचं घर म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली एक कुडाची खोली. चुन्यानं बोटं फाटलेली, गुडघे कामातून गेलेले. मी महिन्यातून दोनदा जायचो, तेव्हा त्यांनी शेजारणीकडून आलेली भाकरी पाण्यात मोडून खाल्लेली दिसायची. मला दुसरं काही नको होतं. आबांनी माझ्या घरात, आमच्याबरोबर बसून जेवावं, एवढंच. त्यासाठी मला घर हवं होतं.

म्हणून एक जुनं घर विकायला निघालंय असं कळल्यावर मी शाळा सुटल्या सुटल्या पळत गेलो. मालक मोठे शेतकरी. मुलं औरंगाबादला नोकरीला लागली होती, त्यांनाही तिकडेच जायचं होतं. पुढे दोन खोल्या माळवदाच्या, दगडमातीच्या, हातभर जाडीच्या भिंती, उन्हाळ्यात गार. मागे एक मोठी पत्र्याची खोली, नंतर वाढवलेली. मालक मला वळसा घालून बोळातून तिथे घेऊन गेले आणि दार उघडलं. खोली पत्र्यापर्यंत कापसानं भरलेली होती. दारातूनच पांढरा डोंगर सुरू होत होता.

"खोली मोठी हाय मास्तर," ते म्हणाले, "पन माल हाय. खरेदी केंद्रावर नंबर लागना. नंबर लागला की खाली करून देतो."

आता कापसानं भरलेल्या घरात जाऊन, जरा माल सरकवा, भिंती बघू द्या, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. दारात आलेल्या पिकाला कुणी हलवायला सांगत नाही, मग तो विकणारा असो की घेणारा. त्यात मी घासाघीस न करणारं सज्जन गिऱ्हाईक दिसावं म्हणून जिवाचा आटापिटा करत होतो. स्वयंपाकघरात मागच्या भिंतीला धान्याच्या लोखंडी कोठ्या ओळीनं लावलेल्या होत्या. मी मनाशी धरून चाललो की दार त्या कोठ्यांच्या मागे असणार. खोली आहे म्हणजे आतून दार असणारच. दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली आहेत असं मालकांनी स्वतःहून सांगितलं होतं, पण ती का गेली हे विचारायचं मला सुचलं नाही. आपल्याला कुणीतरी घर विकतंय, आडनाव ऐकूनही विकतंय, याच आनंदात मी होतो.

आणि सगळ्यात मोठा शहाणपणा म्हणजे आबांना मी घर दाखवलं नाही. गवंड्याचा पोरगा घर घेतो आणि गवंड्याला विचारत नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. बायको म्हणाली होती, "मामांना एकदा आणून दाखवा की. त्यांचा जन्म भिंतींत गेलाय." मी म्हणालो, एकदम किल्लीच हातात देऊ. मला त्यांच्या चेहऱ्यावरचं नवल बघायचं होतं. शिकलेल्या पोराला बापाला चकित करायची फार हौस असते.

होळीच्या सुमारास कापूस गेला, कोठ्या गेल्या, मालक गेले. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून मागच्या भिंतीकडे बघत राहिलो. सारवलेली, सलग, काळी भिंत. दार नव्हतं, दाराची खूणही नव्हती. बायकोनं भिंतीवर हात फिरवला, मग दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघितलं.

"मास्तर," ती कधी नाही ते मला मास्तर म्हणाली, "ह्या घरात आपण राहायचं, का ह्या घराभोवती?"

बोळातून जाऊन खोली बघितली. स्वयंपाकघराच्या जमिनीपेक्षा ती दोन हात खोल होती. खिडकी नाही, वर पत्र्याखाली एक झरोका. जमिनीत आणि भिंतींच्या फटींत कापसाचे तंतू अडकलेले, ते पुढे वर्षभर भाकरीत निघत राहिले. मी तिथे उकिडवा बसलो. मला रडू येत नव्हतं, फक्त फार थकल्यासारखं झालं होतं. चार वर्षं धावून जिथे पोचायचं होतं तिथे पोचलो आणि तिथेही वळसाच होता.

तरी आबांना आणलं. एसटीतून उतरून काठी टेकत ते गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले. मी पुढच्या ओट्याकडे बोट दाखवलं. त्यांनी ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सरळ बोळाकडे वळले. मी मागे मागे गेलो. खोलीच्या दाराशी जाऊन त्यांनी कोपऱ्याच्या दगडावर तळवा ठेवला.

"हे कोन्या गवंड्यानं बांधलं, म्हाईत हाय का तुला?" ते म्हणाले. "म्या बांधलंय."

मी औरंगाबादला वसतिगृहात शिकत होतो त्या वर्षी आबांनी चार महिने इथे काम केलं होतं. जाफराबादला काम चालू आहे एवढं मला पत्रातून कळलं होतं, कुणाच्या घरी ते मी विचारलं नव्हतं. खोली खोल का, तर गाडीतून कापूस सरळ आत ढकलता यावा म्हणून. आणि आतून दार का नाही, तेही त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, जसं काही भिंतीची जाडी सांगावी.

"म्या इचारलं व्हतं मालकाला, आतून दार सोडू का म्हनून. मालक म्हनले, दार कशाला? माल वाहनारी तुमचीच लोकं. दार ठिवलं तर आत येतील. दारच न्हाई तर येतेत कुठून!"

मग त्यांनी दाराशेजारचा बाहेरचा कोनाडा दाखवला. वीतभर रुंद, नीट घडवलेला. "ह्यो गड्यांच्या कपासाठी. कप हितंच ऱ्हायचे, चाहा वरून वतायचे. दीक्षा घेऊन सात-आठ वर्सं झाल्ती मला. तरी कोनाडा म्याच केला. मजुरी व्हती ना बाबा."

ज्या घराबाहेर आम्हाला ठेवायला ती भिंत सलग ठेवली, ते घर मी हौसेनं घेतलं होतं आणि आता त्या भिंतीपायी माझी बायको ताटं घेऊन गल्लीतून फिरणार होती. संताप कुणावर करायचा? मालक औरंगाबादला जाऊन बसले होते. कोनाड्यात बायकोनं दुसऱ्या दिवशी रॉकेलची चिमणी ठेवायला सुरुवात केली. तिचं असं होतं, की जागा दिसली की ती कामाला लावायची.

आबांना ती खोली दिली, कारण पुढे दोन खोल्यांत आम्ही, आमची लहान मुलगी, चूल आणि माझ्या शाळेच्या वह्या मिळून तिळाएवढीही जागा उरत नव्हती. आणि मग सुरू झालं ते फिरणं. सकाळी चहाला आबा बोळातून वळसा घालून येत. दुपारी जेवायला येत, संध्याकाळी येत. बायको म्हणे, "मामा, तुम्ही बसा, मी ताट आणते." ते म्हणत, "नगं माय, म्या येतो की." गुडघे धरत, गोठ्याच्या मेढीला टेकत ते येत. ओट्यावर चढले की जरा थांबत, पाय धूत, चौकटीला हात लावून आत येत आणि बैठकीत दाराकडे तोंड करून बसत. पाचेक मिनिटं तसेच बसत. मग पानावर. मला ती पाच मिनिटं दम खाण्याची वाटायची आणि वाईट वाटायचं.

पावसाळ्यात तर आम्ही पुरते टेकीला आलो. खोली खोल, त्यामुळे बोळातलं पाणी उंबऱ्यावरून आत. नालीवरची फरशी निसरडी. आबा एकदा तिथे घसरले, हाताला लागलं. त्या दिवशी मी ठरवलं की भिंत फोडायची. आबांना विचारलं तर म्हणाले, "फोड की. तुझं घर हाय." त्यांनी स्वतः भिंतीवरून हात फिरवला आणि कोळशानं खूण करून दिली. मधोमध नाही, कडेला, चुलीच्या अगदी लगत, कारण मधोमध तुळई बसलेली होती. "हितं हात लावशील तर माळवद डोक्यात यील," म्हणाले.

एक गवंडी आणि एक मजूर आठ दिवस खपले. एक दगड ओढला की चार सुटत. डाळीत माती, अंथरुणात माती, मुलगी खोकून खोकून लाल. खर्च वाढत गेला त्याचं सांगत नाही. आबा स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून गवंड्याला एकेक दगड कसा काढायचा ते सांगत होते, त्याच्यावर ओरडत होते, मधूनच त्याला तंबाखू देत होते. मला वाटलं, बरं झालं, त्यांच्याच हाताखाली हे होतंय. अरुंद चौकट बसली, खोलीत उतरायला दोन पायऱ्या केल्या. आबांनी ओळंबा धरून चौकट बघितली. "बराबर बसली," म्हणाले. बायकोनं पहिल्यांदाच चपला न घालता त्या खोलीत जाऊन कंदील ठेवला आणि परत येताना ती हसत होती.

संध्याकाळी पानं मांडली. मी नव्या दारातून हाक मारली, "आबा, चला."

"आलो," म्हणाले. मी वाट बघतोय नव्या दाराकडे, आणि थोड्या वेळानं पुढच्या ओट्यावर काठी वाजली.

मला वाटलं, सवय. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. महिना गेला. नव्या दारातून बायको जायची, मी जायचो, मुलगी तर दिवसभर त्या पायऱ्यांवरून उड्या मारायची. एकट्या आबांनी त्या दारातून पाऊल टाकलं नाही. सांगून बघितलं, हाताला धरून आणायचा प्रयत्न केला. "व्हय व्हय" म्हणायचे आणि बोळातून यायचे. मी चिडायला लागलो. माझ्या मनात एकच होतं, की त्या मालकाचा शब्द या माणसाच्या हाडात रुतून बसलाय. आतून यायचं नाही म्हणजे नाही. दीक्षा घेतली, पोराला मास्तर केलं, तरी ते निघत नाही. मला त्यांची कीव यायची, आणि बापाची कीव येणं ही फार वाईट गोष्ट आहे. माणूस त्यानं चिडखोर होतो.

त्यात गोठेवाला शेजारी एकदा मला थांबवून म्हणाला, "मास्तर, येक इचारू का? राग न्हाई ना येनार? म्हाताऱ्याला आतल्या दारानं येऊ देत न्हाई का तुमी? रोज बाहीरून येऊन राह्यलेत बिचारे."

माझं डोकं फिरलं. शाळेत त्या दिवशी मुलांवर उगाच ओरडलो. संध्याकाळी पावसाची झड लागलेली. पानं मांडली, हाक मारली आणि मी मुद्दाम मधल्या दारात उभा राहिलो. समोर आबांनी डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली, काठी उचलली आणि बोळाकडचं दार उघडलं. मी थांबवलं नाही. पुढच्या ओट्यावर आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं होतं आणि त्यांना धाप लागली होती.

"कशासाठी?" मी ओरडलो. "चार पावलांवर दार केलंय तुमच्यासाठी. लोक मला म्हणतात मी बापाला आत घेत नाही. अजून त्या मालकाची भीती वाटते का तुम्हाला? तो गेला आबा, घर माझं आहे!"

बायकोनं मला मागे ओढलं. आबांनी खोळ काढून ओट्यावर झटकली, पाय धुतले, चौकटीला हात लावला आणि नेहमीच्या जागी येऊन बसले. रागावले नव्हते. उलट मला समजावून सांगावं तसं बोलले.

"भेव कशाचं रं, मास्तर? ह्या घरावर म्या चार महिने राबलो, पन ह्या वट्यावर पाय न्हाई ठिवला. ठिवूच दिला न्हाई. बोळाच्या तोंडातून ही चौकट दिसायची, सागाची, तेवढीच पाह्यली. तवा वाटायचं, आत कसं असंल? आता घर माझ्या पोराचं हाय. म्हनून दिसातून तीनदा ह्या दारानं येतो अन हितं बसतो. अन तू मला त्याच मागल्या खोलीतून, चुलीच्या बाजूनं आत घ्यायला पाहून राह्यला. मागून माल घेतेत, बाबा. मानूस पुढून येतो."

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. मला लाज वाटली, इतकी की पुढे दोन दिवस त्यांच्याकडे नीट बघता आलं नाही. महिनाभर मी त्यांना भित्रा समजत होतो. आणि मागून यायचा अपमान, जो मालकानंही त्यांना कधी देऊ केला नव्हता, तो मी कर्ज काढून, भिंत फोडून, चौकट बसवून तयार केला होता. बायकोनं आबांना कोरडं धोतर दिलं आणि वाढायला घेतलं.

त्यानंतर मी त्यांना नव्या दारातून हाक मारली नाही. जेवायची वेळ झाली की बोळात जायचो आणि त्यांच्याबरोबर चालत यायचो. कधी बोलत, कधी नुसतेच. त्या वळशाचा मला कंटाळा यायचा, थकून शाळेतून आलेलो असायचो, तरी जायचो. शेजाऱ्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

थंडीत आबांचे पाय पुरतेच गेले. उठता येईना. आम्ही बैठकीतल्या वह्या-पेट्या हलवून तिथे त्यांची खाट टाकली. सकाळची वेळ होती, बाहेर गारठा. बायको मधल्या दारात उभी राहून म्हणाली, "इकडून आणा, दोन पायऱ्या तर आहेत." मी आबांना उचललं. दगड उचलून उचलून एवढा राबलेला माणूस, पण हातात काहीच वजन लागलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं, माझ्या पुढे गेली आणि बोळाकडचं दार उघडून धरलं.

तरी एवढ्या वळशात गोठ्याशी मला धाप लागली म्हणून जरा थांबलो. आबांचा हात माझ्या मानेभोवती होता.

"दमला का रं?" ते म्हणाले. "मागूनच न्यायचं व्हतं, जवळ पडलं असतं."

"न्हाई," मी म्हणालो, आणि त्यांना घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढलो. चौकट दोघांना एकदम पुरेना. मी अंग तिरकं केलं, आधी त्यांना आत घेतलं आणि मग मी आत गेलो.